‘वाढण्यापूर्वी फक्त गरम करा’ असे लिहिणाऱ्यांनो

काल रात्री आठ वाजून पन्नास मिनिटांनी बाहेरच्या खोलीत बारा भुकेली माणसे बसलेली होती, ओव्हनमधल्या ट्रेच्या कडा रटरटत होत्या, आणि त्याच ट्रेच्या मधोमध खुपसून काढलेली सुरी मी मनगटाला लावून पाहिली तर ती थंड होती. कोमटसुद्धा नाही, थंड. आत्ताच फ्रीजमधून काढल्यासारखी. ज्या पाककृतीच्या भरवशावर मी आदला अख्खा दिवस स्वयंपाकघरात घालवला होता, तिची शेवटची ओळ अशी होती : ‘वाढण्यापूर्वी १८० अंशांवर २५ मिनिटे फक्त गरम करा.’ ट्रे आठ वाजून दहा मिनिटांनी आत गेला होता. सांगितलेल्या वेळेवर आणखी पंधरा मिनिटे उलटून गेली होती. ज्याने ते ‘फक्त’ लिहिले, त्याने हा पदार्थ एकदाही फ्रीजमधून काढून पाहुण्यांना वाढलेला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

पदार्थ तसा साधाच होता. खाली बटाट्याच्या उकडलेल्या चकत्या, त्यावर टोमॅटोत शिजवलेला राजमा, त्यावर पालक, पुन्हा बटाटा, आणि सगळ्यांत वर पांढरा सॉस आणि चीज. बारा जणांसाठी एकच ट्रे, आठ सेंटिमीटर खोल. हे मापही त्यांनीच दिलेले होते, माझ्या पदरचे नव्हते. आठ सेंटिमीटर जाडीचा, रात्रभरात चार-पाच अंशांपर्यंत गार झालेला तो ऐवज २५ मिनिटांत आतपर्यंत तापतो, असे ओव्हन जगात कोठे मिळते ते मला कोणीतरी दाखवावे. उष्णता बाहेरून आत सरकत जाते आणि थराची जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत पोहोचायला तिला जवळजवळ चौपट वेळ लागतो. तेच सारण दोन उथळ ट्रेंमध्ये विभागून लावायला सांगितले असते, तर कालची सगळी फजिती टळली असती. ती एक ओळ लिहायला किती शाई लागते? त्याऐवजी वरच्या चीजला ‘सोनेरी, कुरकुरीत झळाळी’ कशी येते यावर त्यांनी पूर्ण परिच्छेद खर्ची घातला आहे.

बरे, अशा वेळी करायचे काय, तर काहीही करता येत नाही. आच वाढवली की वरचे चीज करपते आणि मधला भाग तसाच राहतो. फॉइलने झाकले की चीज वाचते, पण ती झळाळी जाते. तुकडे कापून वेगवेगळे तापवावेत, तर थर मोडून ताटात लगदा पडतो. शिवाय दर पाच मिनिटांनी दार उघडून पाहिल्याने ओव्हनमधली उष्णता बाहेर जाते हे मला पक्के ठाऊक आहे आणि तरीही मी दर पाच मिनिटांनी दार उघडत होतो, कारण एका मित्राची सात वर्षांची मुलगी रिकामी बशी दोन्ही हातांनी छातीशी धरून तिसऱ्यांदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. ‘काका, अजून किती वेळ?’ असे तिने विचारले. ‘पाच मिनिटं, बाळा,’ असे मी सांगितले, आणि ते खोटे आहे हे मला सांगतानाच माहीत होते. भुकेल्या लेकराशी मला खोटे बोलावे लागले, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जाऊही नये.

पानावर अन्न पडायला नऊ वाजून पन्नास मिनिटे झाली. तोवर लोकांनी पाव आणि सॅलड खाऊन पोटाची आग विझवली होती, आणि ज्या पदार्थासाठी बोलावले होते तो सगळ्यांनी भिडेखातर चार घास खाल्ला. त्यातही प्रत्येक तुकड्याखाली हिरवट पाण्याचे तळे साचत होते. पालक चिरून थेट थरात घाला, असे त्या पाककृतीत म्हटले आहे. पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. तो आधी वाफवून, गार करून, मुठीत धरून दोनदा-तीनदा पिळला नाही तर ते पाणी जाणार कोठे? त्याच दिवशी खाल्ले तर ते एक वेळ सॉसमध्ये लपते, पण रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेल्या ट्रेत ते तळाशी उतरून बसते. आदल्या दिवशी करून ठेवायच्या पदार्थात पालक पिळायला सांगायचे नाही, ही चूक नाही, हा हलगर्जीपणा आहे.

काचेच्या ट्रेबद्दल तर मला बोलवतही नाही. फ्रीजमधून काढलेला काचेचा किंवा चिनी मातीचा ट्रे सरळ तापलेल्या ओव्हनमध्ये सारायला सांगणारी मंडळी दुसऱ्याच्या घरच्या भांड्यांची काहीच पर्वा करत नाहीत. एकाएकी तापले की भांडे तडकते आणि मग आतला सगळा पदार्थ काचेच्या धास्तीने फेकावा लागतो. माझ्या धाकट्या बहिणीवर ही वेळ आलेली आहे. तिनेही छापील सूचना अक्षरशः पाळल्या होत्या.

आणखी एक वाक्य मला वाचवत नाही : ‘पूर्ण गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवा.’ आठ सेंटिमीटरचा गच्च भरलेला ट्रे ओट्यावर पूर्ण गार व्हायला किती तास लागतात, याचा विचार हे वाक्य लिहिताना कोणाच्या मनात येतो का? शिजलेले अन्न पहिल्या दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरले पाहिजे, हा उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांत पाळला जाणारा नियम आहे, आणि तो उगाच केलेला नाही. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्यासाठी अन्न पाच सेंटिमीटरपेक्षा उथळ थरात पसरावे लागते किंवा पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळावे लागते. पाहुण्यांच्या पोटात जाणाऱ्या अन्नाबद्दल एवढे दोन शब्द लिहायला ज्यांना जमत नाही, त्यांनी आदल्या दिवसाच्या स्वयंपाकाच्या वाटेला जाऊच नये.

भाताचेही तेच. ‘भात सकाळीच करून ठेवा, म्हणजे संध्याकाळी धावपळ होत नाही,’ असे सर्रास लिहिलेले असते आणि तो दिवसभर ओट्यावर राहील की फ्रीजमध्ये, याविषयी अवाक्षर नसते. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत. भात बाहेर कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांच्यापैकी काहींनी सोडलेले विष पुन्हा गरम करूनही नाहीसे होत नाही. म्हणजे ‘खळखळून तापवले की झाले’ हा दिलासाही इथे खोटा ठरतो. भात करून ठेवायचाच असेल तर परातीत पसरून लवकर गार करायचा, लगेच फ्रीजमध्ये टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून, झाकून तापवायचा, कारण फ्रीजमधल्या गारव्यात त्यातला स्टार्च आवळून शिते टणक होतात आणि ओलाव्याशिवाय ती पुन्हा मऊ पडत नाहीत.

राजम्याच्या बाबतीत तर माझा संयम केव्हाच संपलेला आहे. ‘रात्री झोपताना भिजवलेला राजमा स्लो कुकरमध्ये टाका, सकाळी तयार!’ हे उद्गारचिन्हासकट छापणाऱ्यांना राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते हे कोणी सांगितलेलेच नाही काय? कच्चे चार-पाच दाणेसुद्धा माणसाला ओकाऱ्यांनी हैराण करायला पुरतात. निदान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळी आणली की ते द्रव्य निकामी होते; पण मंद आचेवर, उकळीपर्यंत न जाता, तासन्‌तास राहिलेला राजमा कच्च्याहूनही अधिक घातक होऊ शकतो. बारा पाहुण्यांना एकदम आजारी पाडण्याची ही कृती ‘वेळ वाचवण्याची युक्ती’ म्हणून दिली जाते. त्याच पाककृतीत टोमॅटो पहिल्यापासून राजम्यात घालायला सांगितलेला असतो. आंबटपणामुळे दाणे मऊ व्हायला बराच जास्त वेळ लागतो, हे ज्याने एकदा जरी राजमा शिजवला आहे त्याला ठाऊक असते.

आणि कांदा! ‘कांदा पाच-सात मिनिटे तपकिरी होईपर्यंत परता.’ इतकी वर्षे मी हे वाक्य वाचतो आहे आणि इतकी वर्षे माझा कांदा पाच-सात मिनिटांत जेमतेम काचेसारखा होतो. कांदा मंद आचेवर नीट तपकिरी, गोडसर व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. बारा जणांच्या मापाने एक किलो कांदा पातेल्यात असेल, तर आधी त्याचे पाणी आटायलाच वीस मिनिटे जातात. माप दुप्पट केले म्हणून पातेल्याचे तोंड दुप्पट होत नाही, वाफ पूर्वीच्याच वेगाने जाते, आणि म्हणून रस्सा दुप्पट करताना पाणी दुप्पट घालायचे नसते. पाककृतीच्या खाली ‘जास्त पाहुणे असल्यास सर्व घटक दुप्पट घ्या’ असे लिहून मोकळे होणाऱ्यांनी चोवीस जणांचे पातेले कधी ढवळलेले नसते, ते ढवळताना खांदा कसा भरून येतो हेही त्यांना माहीत नसते.

‘सहा जणांसाठी’ या शब्दांवरही माझा विश्वास उरलेला नाही. दोनशे ग्रॅम कोरडा पास्ता सहा जणांना? मुख्य जेवण म्हणून खाणाऱ्या एका माणसाला ८० ते १०० ग्रॅम कोरडा पास्ता लागतो. दोनशे ग्रॅममध्ये दोघे जेवतात. बाकीच्या चौघांनी सॉस चाटायचा काय? शिवाय तो आदल्या दिवशी पूर्ण शिजवून सॉसमध्ये बुडवून ठेवायचा असतो म्हणे. रात्रभरात पास्ता सगळा सॉस पिऊन फुगतो आणि सकाळी ट्रेमध्ये कोरडी, फुगलेली वीट उरते. दोन मिनिटे आधी आचेवरून उतरवायचा आणि सॉस सढळ, पातळ ठेवायचा, एवढेच करायचे असते.

पण याहूनही मूळचे दुखणे आहे ते वेगळे. शाकाहारी माणसाला भूक लागतच नाही, असे पाककृती लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांना मनापासून वाटते. एकदा एका समारंभात आम्हा शाकाहाऱ्यांसाठी मुख्य पदार्थ म्हणून अर्धी भरलेली ढोबळी मिरची वाढण्यात आली होती, आत दोन चमचे भात होता, आणि वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर मोठे उपकार केल्याचा भाव होता. शंभर ग्रॅम शिजलेल्या मसुरात साधारण ९ ग्रॅम प्रथिने असतात आणि तेवढ्याच ढोबळ्या मिरचीत जेमतेम एक. मिरचीत दोन मुठी मसूर भरायला काय हरकत होती? वरून त्या मिरचीवर पार्मेझान चीज किसलेले होते, आणि अस्सल पार्मेझान वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, बनवतात, हे त्यांना मीच सांगितले. माझे जेवण तिथेच संपले.

मी एवढा चिडतो याचे कारण हे अन्न मला मनापासून आवडते. आदल्या दिवशी केलेला मसुराचा किंवा राजम्याचा दाट रस्सा दुसऱ्या दिवशी खरोखर अधिक चवदार लागतो. रात्रभरात मीठ दाण्याच्या गाभ्यापर्यंत उतरते, मसाल्यांचा उग्रपणा मावळतो आणि सगळे एकजीव होते. त्याच्यातला स्टार्च घट्ट बसलेला असतो, म्हणून सकाळी कपभर उकळते पाणी घालून, तळापासून हलक्या हाताने ढवळत तो तापवायचा. लिंबू आणि कोथिंबीर मात्र अगदी शेवटी घालायची, कारण आदल्या दिवशी घातलेली कोथिंबीर काळवंडते आणि लिंबाचा ताजेपणा उडून जातो. असा रस्सा मंद आचेवर तासभर पाहुण्यांची वाट पाहू शकतो. कोणी अर्धा तास उशिरा आले तरी काही बिघडत नाही, आणि यजमानाला बाहेर जाऊन माणसांशी चार शब्द बोलता येतात, ज्यासाठी त्यांना बोलावलेले असते. कालच्या संध्याकाळी मी कोणाशीही धड बोललो नाही. जुना मित्र किती महिन्यांनी आला होता, आणि त्याच्या आईच्या तब्येतीची चौकशीसुद्धा मी ओव्हनच्या काचेकडे पाहत केली.

आज सकाळी ती पाककृती मी काढली, शेवटच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली पेनाने लिहिले : दोन ट्रे, चार सेंटिमीटरहून खोल नकोत. पालक पिळणे. राजमा वेगळा अर्धा तास उकळणे, टोमॅटो नंतर. गरम असतानाच उथळ पसरून गार करणे, दोन तासांच्या आत फ्रीज. वाढण्याच्या दीड तास आधी बाहेर काढून थंड ओव्हनमध्ये ठेवणे आणि मग ओव्हन सुरू करणे. झाकून पाऊण तास, फॉइल काढून पंधरा मिनिटे. मधोमध सुरी खुपसून पाहणे. हाताला चटका बसला पाहिजे. पुढच्या शनिवारी तीच माणसे पुन्हा जेवायला येणार आहेत, आणि त्या मुलीला मी साडेआठची वेळ सांगितली आहे.