गाडी चालवणाऱ्याला फोन कोण करतं?

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघाला. गाडी चालवताना मोबाइलवर बोलणारे किती बेजबाबदार असतात, त्यांचं लायसन्सच काढून घ्यायला हवं, पोलीस काय झोपा काढतात का, वगैरे. धडाधड अंगठे वर झाले. मला त्या सगळ्यांना एकच विचारायचं होतं. बाबांनो, त्या माणसाला फोन करतं कोण? पलीकडून कोणीतरी बोलत असतंच ना?

ग्रुपवर लिहिलं नाही, कारण तिथे चार ओळींच्या वर गेलं की लोक हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळे होतात. म्हणून इथे लिहितेय. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते.

मी नवी मुंबईत सीवूड्सला राहते. जमेल तेव्हा सकाळी सायकल काढून पाम बीच रस्त्याने वाशीच्या दिशेने जाते. या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याचा कान हळूहळू तयार होतो. लेनच्या पट्टीवर जे रिफ्लेक्टर ठोकलेले असतात, त्यांच्यावरून चाक गेलं की टक, टक, टक असा आवाज येतो. सरळ चाललेल्या गाडीचा तो येत नाही. मागून तो आवाज यायला लागला, की गाडी हळूहळू डावीकडे सरकतेय हे मागे न बघता कळतं. मग एकदम टायर कुरकुरतो. म्हणजे साहेबांनी मान वर केली आणि स्टिअरिंग झटक्यात सरळ केलं. पुढे निघून जाताना काचेतून बघावं तर हनुवटीवर निळसर उजेड असतोच. उजाडायच्या आधी तर तो फार स्पष्ट दिसतो.

दारू प्यायलेला ड्रायव्हर आणि फोनवरचा ड्रायव्हर यांत सायकलवरून बघताना मला तरी फारसा फरक दिसत नाही. फोनवाला उलट जास्त फसवा, कारण मधले दहा सेकंद तो अगदी शहाण्यासारखा चालवतो.

दुसरी जागा सिग्नलची. हिरवा लागतो, सगळे निघतात, एक गाडी जागची हलत नाही. मागचे हॉर्न वाजवतात. आत बसलेला दचकतो, फोन मांडीवर टाकतो आणि पहिला गिअर टाकून सुसाट निघतो. त्याला डावीकडे वळायचं असतं. त्याच्या डाव्या अंगाला सायकलवाला सरळ जायला निघालेला असतो. या वळणात गाडीचा वेग काही फार नसतो, पण सायकल बंपरवर आपटत नाही, ती गाडीच्या कुशीत ओढली जाते, आणि मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून वळतं. बस किंवा डंपर असेल तर पुढचं लिहायला नको.

पाम बीच रस्ताच असा आहे की पाय आपोआप दाबला जातो. एका बाजूला खारफुटी, मोजके सिग्नल, रुंद मोकळा डांबर. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. 'ओके, पोचतो' एवढं टाइप करायला तीन सेकंद धरा. ५० मीटर गाडी आंधळी गेली. त्या ५० मीटरमध्ये मी असते, किंवा पावाचं गाठोडं कॅरिअरला बांधून निघालेला पाववाला असतो, किंवा रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन असतो, हँडलला डबा लटकवलेला.

हे मुद्दाम लिहिलं, कारण सायकलवाला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाखभराची सायकल आणि घट्ट कपडे येतात. आम्ही हौसेने जाणारे रविवारी जास्त दिसतो, एवढंच. रोज पोटासाठी सायकल मारणारे लोक तुर्भ्यापासून रबाळ्यापर्यंत एमआयडीसीच्या रस्त्यांवर बघा. त्यांच्याकडे ना हेल्मेट, ना मागचा लाल दिवा, ना आरसा. आणि त्यांना काही झालं तर आतल्या पानावर दोन ओळी येतात.

२८ फेब्रुवारी २०२४ ला याच पाम बीचवर नेरूळला अवतार सैनी गेले, तेव्हा मात्र देशभर बातमी झाली. इंटेलचे भारतातले माजी प्रमुख, पेंटियम प्रोसेसर घडवणाऱ्यांपैकी एक, वय ६८. पहाटे सायकलवर होते, भरधाव कॅबने उडवलं. त्या ड्रायव्हरच्या हातात फोन होता असं मी अजिबात म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतेय, की त्या सकाळनंतर आमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरून सायकलवर बंदी आली. आणि ज्या घरांनी बंदी घातली, त्याच घरांतून ऑफिसला निघालेल्या नवऱ्याला दहा मिनिटांत फोन जातो, 'पोचलास का रे?'

आता सरकारी आकडे बघा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२१ मध्ये देशात रस्त्यावर १,५३,९७२ माणसं गेली, आणि त्यातली मोबाइलच्या वापरामुळे १,०४० असं लिहिलंय. शंभरात एकही नाही! हे तुम्हाला पटतं? मला नाही पटत. अपघात झाल्यावर गर्दी जमते, कोणी पाणी मारतं, कोणी शिव्या घालतं, आणि तेवढ्यात फोन खिशात गेलेला असतो. पंचनाम्यात 'अतिवेग' लिहिणं सोपं. त्याच वर्षी सुमारे ७० टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. वेग होताच, नाही कोण म्हणतंय? पण वेगात असताना त्याचे डोळे कुठे होते, हे सांगणारा एकटा तोच, आणि तो कशाला सांगेल?

यावर आमच्या ग्रुपवरचं हमखास उत्तर म्हणजे 'मी ब्लूटूथवर बोलतो, हात मोकळे असतात.' अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी यावर वर्षानुवर्षं प्रयोग केलेत. हातात फोन धरून बोलणारे आणि हात मोकळे ठेवून बोलणारे, दोघंही जवळपास सारखेच चुकत होते. डोळे रस्त्यावर असूनही समोरचं मनात उतरत नाही. माणूस बघतो, पण त्याला दिसत नाही. एक तर सायकल बारीक, त्यात रस्त्यावर नजर गाड्या शोधत असते. अर्धं डोकं 'त्या क्लायंटला काय सांगू' यात असेल, तर मी हिरवंगार जाकीट घातलं काय आणि नाही घातलं काय.

याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट निघाली, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाशी बोलताना ड्रायव्हर तितका चुकत नाही. का? कारण शेजारच्यालाही रस्ता दिसतो. ट्रक आडवा आला की तो आपोआप गप्प होतो, कधी 'अरे, सांभाळ' म्हणतो. फोनवरच्या माणसाला काहीच दिसत नाही. इकडे मोराज सर्कलवर चारी बाजूंनी गाड्या अंगावर येतायत, आणि तिकडून विचारणा चालूये की भाजीत तोंडली आणू की फरसबी.

म्हणून माझं म्हणणं, की फोन करणाऱ्याचाही यात वाटा आहे, आणि तो बिनबोभाट सुटतो.

कायदा त्याला हात लावू शकत नाही, हे मान्य. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून नियमांत हेही आलं, की हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरायचं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. केरळने २०२३ पासून रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांनी फोनवाल्यांना पकडायला सुरुवात केली. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही असे कॅमेरे आहेत. छान आहे, व्हायलाच हवं. पण कॅमेऱ्याला हात दिसतो, कान दिसत नाही. आणि पलीकडचा तर नाहीच नाही.

आता हा पलीकडचा कोण, ते बघू. एक म्हणजे आपण घरचे. 'निघालास का', 'कुठपर्यंत आलास', 'येताना दूध आण'. यातलं काहीही अर्ध्या तासाने विचारलं तर आभाळ कोसळत नाही. दुसरे आपण कॅबचे प्रवासी. नवी मुंबईत सेक्टरची भानगड आहेच, सेक्टर ६ नेरूळला वेगळा आणि वाशीला वेगळा, त्यामुळे कॅब बुक झाली की लगेच 'भैया, किधर हो?' अहो, तो अॅपवर सरकताना दिसतोय की तुम्हाला! नकाशावर गाडी हलतेय, म्हणजे तो ती चालवतोय. आणि तिकडे त्याच अॅपमध्ये पुढचं भाडं टिंगटिंग करत येतं, ते घ्यायला त्याच्याकडे मोजके सेकंद. घेतलं नाही तर भाडं दुसऱ्याला. त्या माणसाचं पोटच त्या काचेवर चिकटवलेल्या फोनमध्ये आहे, त्याला नुसतं बेजबाबदार म्हणून भागणार नाही. कंपन्यांना खरंच वाटलं तर गाडी उभी असतानाच भाडं दाखवता येईल, यात काही रॉकेट उडवायचं नाहीये.

तिसरे शाळेच्या बसला फोन करणारे आईबाप. यांच्याबद्दल लिहिलं तर मैत्रिणी तुटतील, पण लिहितेच. बसमध्ये मुलांना सांभाळायला ताई असते. तिचा नंबर असतो. तरी फोन ड्रायव्हरलाच जातो, कारण 'ती उचलत नाही'. अगं, ती मुलांना उतरवत असते म्हणून उचलत नाही! चाळीस मुलं घेऊन निघालेल्या माणसाने मात्र तुझा फोन पहिल्या रिंगला उचलावा?

आमच्या घरी एक नियम केलाय. फोन लागला की पहिला प्रश्न, 'चालवतोयस का?' 'हो' म्हटलं की लगेच ठेवायचा. पुढचं वाक्य नाही, 'बरं, एकच सांगते' नाही. आमच्या जाऊबाईंना पहिल्यांदा भयंकर राग आला होता, त्यांना वाटलं मी फोन आपटला. चुलत सासूबाईंपर्यंत तक्रार गेली. आता त्या स्वतःच दिराला असं विचारतात, फक्त आवाज माझ्यापेक्षा मोठा असतो.

'पण इमर्जन्सी असली तर?' असं कोणीतरी विचारणारच. इमर्जन्सी असली तर लागोपाठ दोनदा फोन करा, तो गाडी बाजूला घेऊन उचलेल, असं घरात आधीच ठरवून ठेवा. तोंडली आणि फरसबी यात येत नाहीत.

आणि हो, सायकलवालेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. कानात बोळे घालून, गाणी लावून पाम बीचवर जाणारे आमच्यात आहेत. वर मी जो टक-टक आवाज सांगितला, तो त्यांना ऐकूच येणार नाही. त्यांच्याशी मी तोंडावर भांडते, त्यासाठी वेगळी पोस्ट नको.

शेवटी ऑफिसच्या बसचं सांगते. बस चालू असताना ड्रायव्हरला कोणी फोन करायचा नाही, काही निरोप असेल तर ट्रान्सपोर्ट डेस्कला द्यायचा, असं आम्ही काही जणांनी लिहून दिलं. डेस्कने लगेच मान्य केलं, बसमध्ये दाराजवळ कागदही चिकटवला. आठवडाभराने मी पुढच्याच सीटवर बसले होते, शीव-पनवेल महामार्गावर ड्रायव्हरकाकांचा फोन वाजला आणि त्यांनी उचलला. उतरताना विचारलं, तर म्हणाले, 'मॅडम, बाकी कोणाचा नाही उचलत आता. पण साहेबांचा नाही उचलला तर साहेब बोलतात.'

कागदावर सही त्याच साहेबांची आहे. आता त्यांना जाऊन सांगायचं कोणी, यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही.