आधी मैदान मोजा, मग पोरं पळवा

5 मिनिटं 30 सेकंदांना 60 गुण. 5 मिनिटं 31 सेकंदांना 48. अग्निवीर भरतीतल्या 1.6 किलोमीटर धावेचं हे कोष्टक तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. म्हणजे एका सेकंदाला 12 गुण, आणि तेही मेरिट जिथे एकेका गुणावर अडतं तिथे.

कोष्टक कडक आहे याबद्दल माझी तक्रार नाही. फौज आहे, कडकच हवं. पण सेकंदाला एवढा भाव लावलाय, तर तो सेकंद मोजणारं घड्याळ आणि अंतर मोजणारी टेप यांची परीक्षा पोरांच्या आधी झाली पाहिजे. ती होते का, कशी होते, हे पोरांना कळलं पाहिजे. मी ठाण्यातल्या एका शाळेत पीटी शिकवतो, शालेय स्पर्धांत फक्की मारण्यापासून टाइमकीपरपर्यंत सगळी कामं करतो. त्यामुळे हे मोजमाप कुठे कुठे पाझरतं ते जवळून बघितलंय.

मैदानापासून सुरू करू. सिंथेटिक ट्रॅक असेल तर प्रश्न कमी. पण मातीच्या मैदानावर ट्रॅक आखायचा म्हणजे मध्ये खुंटी ठोकायची, दोरी ताणायची आणि अर्धवर्तुळ काढत जायचं. सुती दोरी दवाने ओली झाली की तिची लांबी बदलते. खुंटी हलते. दोरी धरणारा कंटाळतो. वळणाच्या त्रिज्येत एक मीटरची चूक झाली तर एका फेरीत सव्वासहा मीटरचा फरक पडतो. चार फेऱ्यांत 25 मीटर. साडेपाच मिनिटांच्या वेगाने पळणारा पोरगा सेकंदाला पाच मीटरच्या जरा आत जातो, म्हणजे झाले की पाच सेकंद! ट्रॅक 200 मीटरचा आणि फेऱ्या आठ असतील तर दहा सेकंद. सकाळी कुणीतरी डोळे चोळत ठोकलेल्या खुंटीमुळे.

आता कुणी म्हणेल, मैदान सगळ्यांना एकच, मग अन्याय कसला? आपसातली तुलना असती तर पटलं असतं. पण 5:30 हा आकडा मैदान बघून बदलत नाही. शिवाय भरती अनेक दिवस चालते. मध्ये पाऊस पडला की फक्की वाहून जाते आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुन्हा मारतो. सोमवारचा ट्रॅक आणि गुरुवारचा ट्रॅक एकच, हे कोण बघतं?

मग सुरुवात. शे-दीडशे पोरं एका बॅचमध्ये सोडली की पुढच्या रांगेतला शिट्टीबरोबर सुटतो आणि मागचा आधी समोरच्याची पाठ बघत पावलं टाकतो. घड्याळ मात्र दोघांचं एकाच क्षणी सुरू झालेलं असतं. पहिल्या वळणावर कोपराकोपरी, आत जागा नाही, म्हणून बाहेरून घ्यावं लागतं. एक लेन 1.22 मीटरची. अख्खी धाव एक लेन बाहेरून काढली तर चार फेऱ्यांत तीस मीटर जास्त पळणं होतं, म्हणजे सहा सेकंद. यात पोराच्या दमाचा काही संबंध नाही. म्हणून जुनी भरतीवाली पोरं नव्यांना पहिला धडा देतात तो श्वासाचा नसतो, ‘पुढे घुस’ हाच असतो. 2022 मध्ये मुंब्र्याला, कौशाच्या स्टेडियमवर अग्निवीरांची भरती झाली, तेव्हा आमच्याकडची पोरंही हाच मंत्र घोकत गेली होती.

पोलीस भरतीत आता धावणाऱ्याची वेळ आपोआप टिपणारी चिप आली. चांगलंच झालं, 1600 मीटरला तर फारच चांगलं. पण 100 मीटरला गोष्ट वेगळी आहे. तिथे साडेअकरा सेकंदांच्या आत 15 पैकी 15 गुण. ॲथलेटिक्सच्या नियमाने धाव संपते ती शरीराचं धड रेषेवर आल्यावर, पाय नव्हे. चिप बुटाला असेल तर ती पायाची वेळ सांगणार. आणि हातातलं स्टॉपवॉच असेल तर विचारूच नका. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर मीटरवर उभा असलेला टाइमकीपर शिट्टी ऐकून बटण दाबत असेल, तर आवाज पोचेपर्यंतच 0.3 सेकंद गेलेले असतात, ते पोराला फुकट मिळतात. म्हणून आम्हाला पहिल्यांदा शिकवतात, कानावर जाऊ नका, पिस्तुलाचा धूर बघा. हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडायची तर 100 मीटरला 0.24 सेकंद मिळवायचे, असा खेळाच्या जगात जुना रिवाज आहे. एकाला तीन घड्याळं लावायची आणि तिन्ही वेगळी निघाली तर मधली वेळ धरायची, हाही नियमच आहे. शाळेच्या स्पर्धेतल्या विजेत्याला आम्ही तीन घड्याळं लावतो, मग नोकरी ठरवणाऱ्या धावेला तेवढं तरी नको का?

बीमचं, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून अंग वर ओढायच्या पुल-अप्सचं, तर बोलायलाच नको. दहा मारले तर 40 गुण, नऊला 33. म्हणजे समोरच्या साहेबांनी एक ‘हाफ’ म्हणून सोडला की सात गुण गेले. हनुवटी बीमच्या वर गेली का, खाली येताना कोपर पूर्ण सरळ झालं का, झटका मारला का, हे सगळं एका माणसाच्या नजरेवर. तो माणूस प्रामाणिक आहे असंच मी धरून चालतो. पण पहाटे चारपासून उभा राहिलेला माणूस अकराव्या बॅचला त्याच नजरेने बघेल, ही अपेक्षा माणसाकडून करायची नसते. तिथे एक कॅमेरा लावा.

उंचीबद्दलही थोडं. आपल्याकडे जीडीला (जनरल ड्युटी, म्हणजे साधा शिपाई) 168 सेंटीमीटर. माणूस सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. आता धुळे-नंदुरबारहून रात्रभर गाडीत उभ्याने आलेला आणि इथल्या खारेगावात घरच्या गादीवर झोपून आलेला, दोघे 168 च्या काठावर असले तर कोण बाहेर पडणार, सांगा.

‘सगळ्यांना एकच नियम म्हणजे न्याय’ म्हणणाऱ्यांनी नितीशा खटल्याचा निकाल जरूर वाचावा. 25 मार्च 2021, सर्वोच्च न्यायालय, न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं खंडपीठ. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशनसाठी, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीसाठी, ‘शेप-1’ ही पूर्ण तंदुरुस्तीची वैद्यकीय अट लावली होती. पुरुषांनाही तीच होती की! फरक एवढाच की पुरुषांना ती नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी लावली होती आणि या बायकांना, वर्षानुवर्षं हक्क नाकारल्यावर, चाळिशी-पन्नाशीत. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं आणि तब्येत त्या त्या वर्षाची धरा असं सांगितलं. म्हणजे टेप तीच, पण लावली भलत्या वेळी. माझ्या मते आपल्याकडे फिटनेस टेस्टच्या न्यायाबद्दल एवढं स्वच्छ दुसरं काही लिहिलं गेलेलं नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, आमच्या घरातूनच येतं. आमचे एक काका फौजेतून निवृत्त. म्हणतात, ‘अरे, सीमेवर शत्रू काय स्टॉपवॉच बघून गोळी मारतो? ज्याच्यात दम आहे तो पाच मिनिटांत येतो, बाकीची रडगाणी.’ काका, दमाचं मान्य. पण शत्रू स्टॉपवॉच बघत नाही, तर मग आपण एका सेकंदाला 12 गुण का कापतो? 5:30 चा पोरगा आणि 5:31 चा पोरगा, कुठल्या मोहिमेत यांच्यातला फरक दिसणार आहे? आणि 5:31 व 5:45 या दोघांना मात्र सारखेच 48, तिथे 14 सेकंदांचा फरक कुणाला दिसत नाही!

यावर उपाय महागडा नाही. सध्याच्या कोष्टकात 15 सेकंदांच्या टप्प्याला 12 गुण कमी होतात, म्हणजे सेकंदाला 0.8. तसेच द्या ना. 5:31 ला 59.2, 5:32 ला 58.4. चिप असली की हे गणित मशीनच करतं. मग मोजमापात एका सेकंदाची चूक झालीच तर पोराचा पाऊण गुण जाईल, वर्ष जाणार नाही. आणि वर्ष जाणं म्हणजे काय ते वयाची मर्यादा जवळ आलेल्या अग्निवीर उमेदवाराला विचारा. त्याला पुढची भरती मिळेलच असं नाही.

सोबत पोराच्या हातात त्याच्या नेमक्या वेळेची पावती द्या, आणि ट्रॅक कुणी मोजला, किती भरला, कधी मोजला याचा कागद गेटवर चिकटवा.

आमच्या शाळेचं मैदान या सुट्टीत नव्याने मोजायचं ठरवलंय, कारण आजूबाजूची भरतीची पोरं तिथेच सराव करतात आणि त्यांना खऱ्या 1600 मीटरची सवय लागायला हवी. आमच्याकडे 30 मीटरची कापडी टेप आहे, ती ताणली की लांबते. ठाणे-कळवा भागात कुणाकडे सर्व्हेची स्टीलची टेप, शक्यतो 50 मीटरची, असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. दोन तास वेळ देणारा माणूसही चालेल. दोरी मात्र नायलॉनची आणतोय.