दादाची मेथी आणि माझं सेंद्रिय पाकीट

परवा कोथरूडमध्ये अर्धा किलो सेंद्रिय टोमॅटो घेतले, 80 रुपयांना. सगळे एका मापाचे, एकसारखे लालबुंद, थर्माकोलच्या ट्रेमध्ये, वरून ताणून बसवलेलं प्लॅस्टिक. घरी ते प्लॅस्टिक सोलताना जुन्नरचा मामेभाऊ, म्हणजे दादा, आठवला. तेव्हापासून विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहिते.

दादाने तीन वर्षांपूर्वी एक एकर रासायनिक खत-औषधाशिवाय करायला घेतलं. 200 लिटरचा ड्रम, त्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. हे जीवामृत, म्हणजे घरी आंबवलेलं पातळ खत, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळावं लागतं. ते काम वहिनीकडे आलं. पहिल्या वर्षी अळीने आणि करप्याने टोमॅटो निम्म्यावर आणले. उरलेले नारायणगावच्या मार्केटला बाकीच्यांच्या क्रेटशेजारीच लागले, आणि डागी म्हणून दोन पैसे कमीच मिळाले.

कारण कागदावर ते सेंद्रिय नव्हतेच. रसायनं सोडल्यावर हंगामी पिकांसाठी दोन वर्षं आणि फळबागेसाठी तीन वर्षं जमीन 'रूपांतर काळात' धरतात. कष्ट सेंद्रियचे, भाव साधा. गटाने प्रमाणपत्र घ्यायची स्वस्त सोय आहे, पण त्याला किमान पाच शेतकरी लागतात. दादाला गावात पाच जण मिळेनात. शेजारच्या रानातली फवारणी वाऱ्याने इकडे यायची, ते वेगळंच. दुसऱ्या हंगामानंतर त्याने पुन्हा पंप पाठीला लावला. सोसायटीचं कर्ज होतं, मुलीची फी होती. घरच्या भाजीचा तुकडा मात्र आजही बिनफवारणीचा आहे.

मी दहा वर्षं सेंद्रिय खाते आणि इतकी वर्षं मला वाटायचं की मी मातीसाठी काहीतरी करतेय. खरं तर मी पैसे देत होते ते माझ्या पोटाच्या काळजीचे. माती सुधारायची ती दोन वर्षं कुणीतरी एकट्याने सोसायची आणि ती संपली की मी पाकीट उचलायचं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली. त्यात शेतमजूरही होते. आपल्या ताटातल्या औषधाच्या अंशाची आपण जेवढी चर्चा करतो, तेवढी त्या पंप वाहणाऱ्या पाठीची करत नाही, हे मला फार लागतं. आणि जव्हार-मोखाड्याकडच्या ज्या डोंगरउतारांवर नागली-वरईला कधी रासायनिक खत पडलंच नाही, तिथल्या बाईच्या पाटीवर कुठला शिक्का असतो? तिच्याशी आपण घासाघीस करतो.

माझं स्पष्ट मत आहे: सेंद्रिय हवं असेल तर शिक्का मिळायच्या आधीच्या मालाला भाव द्या. डागासकट घ्या.

यंदा आमच्या इमारतीतल्या दहा घरांनी मिळून दादाशी बोलणी केली. दहा गुंठे, बिनरसायन, भाव पेरणीआधीच ठरलेला, पीक कमी आलं तरी ठरलेली रक्कम द्यायची. गावाहून पुण्याला येणाऱ्या दुधाच्या टेम्पोतून माल येतो. गेल्या आठवड्यात पहिली मेथी आली. पानांना भोकं, मुळांना ओली माती, जुडीला केळीच्या सोपटाचा बंद. पेपरवर पसरून निवडायला बसले, तास गेला. पण वास! हात धुतल्यावरही बोटांना होता.

दोन घरांनी पुढच्या आठवड्यापासून नको म्हणून कळवलंय. दादाला अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या जुड्या सध्या मी घेतेय. कोथरूड-कर्वेनगरमधल्या कुणाला हव्या असतील तर कळवा, मी आणून देईन.