ट्रॅक्टरचं तोंड उचलतं तेव्हा

जुलैत मी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. उत्तर इटलीतल्या प्राद गावाच्या कॅम्पिंगवर आमची कॅम्पर व्हॅन उभी आहे आणि तिच्या पाठीमागे लोखंडी कॅरिअरवर आडवी आवळलेली छोटी मोटारसायकल आहे. दहा मिनिटांत कराडहून भाच्याचा निरोप आला: 'मामा, हे असंच आपल्या ट्रॅव्हलरला बसवायचंय. फॅब्रिकेटर तयार आहे, दोन दिवसांत वेल्डिंग करून देतो म्हणतोय.' त्याखाली त्याच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या दाजींचं उत्तर: 'तिकडं चालतं ते इकडं चालायचं नाही. आपल्या लोकांना शिस्त नाही. गाडीत असे बदल करायला बंदी आहे तीच बरी.'

दाजी एसटीत ड्रायव्हर होते. आयुष्यभर घाटरस्त्यानं माणसं सुखरूप पोहोचवलेला माणूस. त्यांचा शब्द मी सहसा खाली पडू देत नाही. पण या वादात मला दोघांचंही पटलं नाही, आणि ग्रुपवर तुकड्यातुकड्यानं लिहून माझं समाधान झालं नाही, म्हणून सगळं इथं मांडतो.

भाच्यानं दोन मित्रांबरोबर जुनी ट्रॅव्हलर घेतली आहे. आत झोपायची सोय करून ती सहलींना भाड्यानं द्यायची, असा बेत आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून ही कल्पना त्याच्या डोक्यात आहे. तारकर्लीच्या बोळांत किंवा कासच्या रस्त्याला एवढी मोठी गाडी अडते; मागे दुचाकी असली की मोठी गाडी एका जागी लावून पुढं हिंडता येतं, हे त्याचं म्हणणं रास्त आहे. मी तरी दुसरं काय केलं? प्रादपासून स्टेल्व्हिओ खिंडीपर्यंत ४८ वळणं आहेत आणि माथा २७५७ मीटरवर. सहा मीटरची व्हॅन तिथं चढवून प्रत्येक वळणावर समोरच्याला थांबवण्यापेक्षा ती खाली ठेवून दुचाकीनं गेलेलं बरं.

फोटोत जे दिसत नाही, ते मात्र मला भाच्याला सांगायचं होतं.

मला मुळात ही छोटी गाडी न्यायचीच नव्हती. मला रॉयल एनफील्डची हिमालयन मोटारसायकल न्यायची होती. कॉलेजपासून बुलेट चालवलेली, तरी इथं जर्मनीत भारतीय लायसन्स सहाच महिने चाललं आणि पुढं लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा नव्यानं द्यावी लागली. एवढं करून मोटारसायकलचं लायसन्स हातात आलं, तेव्हा चेन्नईजवळच्या कारखान्यातून आलेली गाडी आल्प्समध्ये फिरवायची हे मनानं पक्कं ठरवलं होतं. २०० किलो पेलणारं कॅरिअर बाजारात मिळतं आणि हिमालयन १९९ किलोची. जर्मनीत साध्या कारच्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते. आमची व्हॅन पाण्याची टाकी भरून, आम्ही चौघं बसून, ३१२० किलो भरली होती. म्हणजे ४५ किलोचं कॅरिअर आणि मोटारसायकल धरून ३३६४. कागदावर सगळं बसत होतं.

बसलं नाही ते मागच्या एक्सलवर. पहारीनं दगड उचलताना जे होतं तेच इथं होतं. मोटारसायकलचं वजन मागच्या चाकांवर थेट पडत नाही, ते चाकांच्याही मागे जवळजवळ १.८ मीटरवर लोंबकळतं. आमच्या व्हॅनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत चार मीटर अंतर. त्यामुळे २४४ किलोचा भार मागच्या एक्सलला ३५४ किलो होऊन लागतो, आणि वरचे ११० किलो येतात पुढच्या चाकांवरून. काट्यावर आमचा मागचा एक्सल आधीच १७२० किलो होता आणि त्याची मर्यादा २०००. हिमालयन चढवली असती तर तो २०७४ वर गेला असता. पुढची चाकं हलकी झाली असती ते वेगळंच, आणि आमची व्हॅन पुढच्याच चाकांवर ओढते.

ज्यानं ऊस वाहिला आहे त्याला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. दोनचाकी ट्रॉलीत पुढच्या अंगाला मोळ्या जास्त पडल्या, भार ट्रॅक्टरच्या मागच्या हुकावर आला आणि चढ लागला की ट्रॅक्टर तोंड उचलतो. स्टेअरिंग हातात असतं, पण चाकं जमिनीला नसतात. मी ते लहानपणी कारखान्याच्या रस्त्यावर डोळ्यांनी पाहिलं आहे. व्हॅनमध्ये ते इतकं उघड दिसत नाही, एवढाच फरक. ओल्या रस्त्यावर वळताना गाडी ऐकेनाशी होते तेव्हा कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून हिमालयन राहिली आणि १०४ किलोची होंडा मंकी आली. तिच्यासकट मागचा एक्सल १९३६. शिवाय ती १.७१ मीटर लांब, त्यामुळे व्हॅनच्या रुंदीत बसते. हिमालयन दोन्ही बाजूंनी थोडी थोडी बाहेर आली असती. कॅरिअर व्हॅनच्या चासीला बोल्टनं जोडलं, त्याचा कंपनीचा तपासणी अहवाल घेऊन तपासनीसाकडे गेलो. त्यानं खाली झोपून एकेक बोल्ट पाहिला आणि बदल झाल्याचं लिहून दिलं. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकले जातात, म्हणून दुसरे दिवे आणि दुसरी प्लेट कॅरिअरवर. इटलीत शिरण्याआधी ५० बाय ५० सेंटिमीटरचा लालपांढऱ्या पट्ट्यांचा चमकणारा फलक, कारण तिकडे मागे बाहेर आलेल्या भारावर तो सक्तीचा आहे.

या फलकापाशी मी नेहमी थांबतो. माझा शाळेतला मित्र बारा वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रात्री उभ्या ऊसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडे ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात, फोटो छापून येतात, आणि त्याच हंगामात पुन्हा कुणीतरी जातं. प्रादला जाताना मी तो फलक बांधत होतो तेव्हा तो मित्र माझ्या मनात होता. हात लावून तीनदा पाहिलं, सैल तर नाही ना.

तेव्हा दाजी, तुमचं 'शिस्त नाही' हे म्हणणं मला समजतं. कायदाही तुमच्या बाजूनं आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत बदल करता येणार नाहीत. त्याच वर्षीच्या कायद्यातल्या दुरुस्तीनं गाडीबाहेर आलेल्या भाराला २०,००० रुपये दंड ठेवला. त्याआधी ट्रकबाहेर आलेल्या सळयांनी किती माणसं गेली हे हायवेवर आयुष्य काढलेल्या तुम्हाला मी काय सांगावं. पण शिस्त ही जर्मन माणसाच्या रक्तात नसते. मलाच मोह होता हिमालयन चढवायचा. मला थांबवलं ते काट्यानं, आणि तो गावाबाहेरच्या भंगाराच्या आवारात होता म्हणून.

आणि काटा तर आपल्या प्रत्येक कारखान्यावर आहे, हायवेला खासगी आहेत ते वेगळेच. ऊसाच्या काटामारीवरून आपल्या भागात आंदोलनं होतात. किलोकिलोचा हिशेब मागणारी माणसं आहोत आपण. वजन करायची अक्कल आपल्याला कुणी परदेशातून शिकवायला नको. नाही ते एवढंच, की बदल करू इच्छिणाऱ्याला सरळ दार नाही. एक तर बंदी, नाही तर रात्रीत वेल्डिंग आणि वाटेत कुणी अडवलं तर मिटवामिटवी. तपासून घ्यायची इच्छा असलेला भाचा जाणार कुठं? पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, १९६६ पासूनची. देशभरातल्या गाड्या तिथं तपासून रस्त्यावर येतात. तीन-चार आकारांची कॅरिअर तिथं तपासून घ्यावीत, कोणत्या गाडीला कोणतं चालेल ते ठरावं, आरटीओनं ते आरसी बुकात चढवावं. माझी मागणी एवढीच आहे आणि ती मी मनापासून करतो.

भाच्याला मात्र मी सगळं इथलं तिथं चालेल असं सांगणार नाही. इथं व्हॅनच्या मागे सहसा कुणी चिकटून येत नाही. कराडच्या कोल्हापूर नाक्यावर तुझ्या मागच्या बंपरला चार दुचाकी टेकून उभ्या असतील, आणि त्यांच्या तोंडासमोर तुझ्या मोटारसायकलचं हँडल. आपले स्पीडब्रेकर आले की मागचा भार आधी वर उडतो आणि मग आदळतो. माझ्या ३५४ किलोच्या हिशेबात तो दणका धरलेलाच नाही. वेल्डिंग तडकतं ते अशा दणक्यांनी.

आणि एक गोष्ट इथं राहणाऱ्यालाच जाणवते. आपल्याकडे मोटारसायकल रेल्वेनं पार्सल करता येते. पेट्रोल काढून, गोणपाटात गुंडाळून, स्टेशनवर द्यायची आणि उतरल्यावर घ्यायची. जर्मन रेल्वेनं रात्रीच्या गाड्यांतून मोटारी आणि मोटारसायकली नेणं बंद केलं. ऑस्ट्रियाच्या रेल्वेसारख्या काहींनी मोजके मार्ग चालू ठेवले, एवढंच. गोव्यात उतरावं तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची दुचाकी दारात मिळते. तुझ्या गिऱ्हाइकांना ट्रॅव्हलरच्या पाठीवर दुचाकी खरंच लागते का, की तारकर्लीतल्या एखाद्या दुकानाशी बोलून चार स्कूटर ठरवल्या तर भागेल? हे त्याला मी विचारलं. तो चिडला नाही, विचार करतो म्हणाला.

गेल्या रविवारी त्यानं काट्याची चिठ्ठी पाठवली. आधी पूर्ण ट्रॅव्हलर, मग नुसती मागची चाकं. मी त्याला लिहिलं की हे रिकाम्या गाडीचं वजन झालं. आत पलंग टाक, पाण्याची टाकी भर, सात माणसं बसव आणि पुन्हा काट्यावर ने. पुढच्या रविवारी जाणार आहेत. गाडी दाजी चालवणार आहेत.