जे यंत्र विमानावर नव्हतेच : ‘डोनाल्ड कुक’च्या कथेचा प्रतिवाद

समाजमाध्यमांवर गेली दहा वर्षे एक कथा फिरते आहे. एप्रिल २०१४ मध्ये काळ्या समुद्रात शिरलेल्या ‘यूएसएस डोनाल्ड कुक’ या अमेरिकी विनाशिकेवर रशियाचे एक सुखोई-२४ विमान चालून गेले. त्याच्यावर बॉम्ब नव्हते, क्षेपणास्त्रे नव्हती, होती ती फक्त ‘खिबिनी’ नावाची इलेक्ट्रॉनिक युद्धयंत्रणा. वैमानिकाने कळ दाबताच नौकेची ‘एजिस’ ही संरक्षणप्रणाली बंद पडली आणि पडदे काळे झाले. मग त्या विमानाने बारा वेळा लुटुपुटीचा हल्ला केला, भेदरलेली नौका रुमानियाच्या बंदरात पळाली आणि तिच्यावरील २७ खलाशांनी राजीनामे दिले. ही ढकलपत्रे वाचणाऱ्याला वाटावे, की इलेक्ट्रॉनिक युद्ध म्हणजे दूरचित्रवाणी बंद करण्याचा रिमोटच.

आधी खरे किती, ते मान्य करू. घटना घडली होती. क्रिमिया रशियाने ताब्यात घेतल्यानंतर काही आठवड्यांनी, १२ एप्रिल २०१४ रोजी, काळ्या समुद्राच्या पश्चिम भागात सुखोई-२४ विमानाने या नौकेजवळून बारा फेऱ्या मारल्या. हा प्रकार सुमारे ९० मिनिटे चालला. विमान समुद्रसपाटीपासून साधारण १५० मीटर उंचीवर होते आणि नौकेपासून सुमारे ९०० मीटरपर्यंत आले होते. नौकेने रेडिओवरून विचारणा केली, तिला उत्तर आले नाही. सोबतचे दुसरे विमान लांबच राहिले. ही सारी माहिती दोन दिवसांनी अमेरिकी संरक्षण खात्यानेच जाहीर केली होती आणि विमान निःशस्त्र दिसत होते, हेही त्याच निवेदनात होते. कथेतले ‘बारा’ आणि ‘निःशस्त्र’ हे दोन तपशील तिथूनच आले असावेत. खऱ्या तपशिलांच्या आधाराने खोटा तपशील पचवला जातो, त्याचा हा चांगला नमुना आहे.

आता खिबिनीकडे वळू. ही यंत्रणा काल्पनिक नाही. ती सुखोई-३४ या विमानासाठी घडवलेली असून पंखांच्या टोकांना बसवलेल्या लांबट नळकांड्यांमुळे ओळखू येते. तिचे पुढचे रूप सुखोई-३५ वर आहे. सुखोई-२४ वर मात्र ती बसवलेलीच नाही. हे कोणा अमेरिकी प्रवक्त्याचे म्हणणे नाही. ही यंत्रणा ज्या रशियन उद्योगसमूहाच्या छत्राखाली तयार होते, त्या ‘क्रेत’ या समूहानेच खुलासा केला, की नौकेजवळून विमान गेले हे खरे, पण सुखोई-२४ वरून खिबिनी वापरल्याची गोष्ट ही वृत्तपत्री कंडी आहे. आपल्या मालाची अशी फुकट जाहिरात होत असताना उत्पादकानेच ती नाकारावी, यापेक्षा वजनदार साक्ष मला तरी सुचत नाही. यावर काही जण म्हणतात, की सुखोई-२४ चा इलेक्ट्रॉनिक युद्धासाठीचा खास प्रकार होताच की. होता, सुखोई-२४ एमपी हा. पण त्याची संख्या अगदी थोडी होती आणि त्यावरची यंत्रणाही खिबिनी नव्हती. यंत्राचे नावच बदलावे लागले, तर मूळ दाव्यात उरते काय?

खरा घोळ मात्र ‘बंद पाडली’ या दोन शब्दांत आहे आणि तिथे थोडे थांबले पाहिजे. रडार लहरी सोडते आणि वस्तूवर आपटून परतणारा क्षीण प्रतिध्वनी ऐकते. जॅमर, म्हणजे खिबिनीसारखे रडारला चकवणारे यंत्र, दोनपैकी एक काम करतो. एक तर तो त्याच वारंवारितेवर इतका गोंगाट करतो, की प्रतिध्वनी त्यात बुडून जावा. किंवा रडारची स्पंदने टिपून, त्यांत फेरफार करून ती परत पाठवतो, म्हणजे पडद्यावर विमान भलत्याच जागी किंवा एकाच्या जागी चार दिसतात. दुसऱ्या प्रकारात खिबिनीसारख्या आधुनिक यंत्रणा तरबेज असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण दोन्ही प्रकारांत जे बिघडते ते रडारला ‘ऐकू’ येणारे. नौकेचे संगणक, विद्युतजनित्रे, तोफा, पडदे यांना जॅमरच्या लहरींचे सोयरसुतक नसते. जॅम झालेल्या रडारचा पडदा काळा पडत नाही, उलट तो खोट्या खुणांनी किंवा गोंगाटाने भरून जातो. शिवाय आपल्याला कोणीतरी जॅम करत आहे, हे चालकाला लगेच कळते आणि तो गोंगाट कोणत्या दिशेने येतो आहे, हेही.

त्यातून अंतराचा हिशेब कथेच्या पूर्ण विरुद्ध जातो. रडारची लहर जाताना आणि परतताना अशी दोनदा विरळ होते, म्हणून प्रतिध्वनीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते. जॅमरचा आवाज एकाच दिशेने प्रवास करतो, म्हणून तो फक्त वर्गाने घटतो. लांबवर जॅमरला जो प्रचंड फायदा मिळतो, तो याच फरकामुळे. पण विमान १०० किलोमीटरवरून १ किलोमीटरवर आले, की जॅमरचा आवाज दहा हजार पट वाढतो आणि प्रतिध्वनी मात्र दहा कोटी पट. म्हणजे रडारची बाजू आधीपेक्षा दहा हजार पट बळकट झालेली असते. एका ठरावीक अंतराच्या आत आल्यावर प्रतिध्वनी गोंगाट भेदून दिसू लागतो, ही गोष्ट या क्षेत्रातल्या नवख्यालाही शिकवली जाते. त्यात डोनाल्ड कुकवरचे ‘स्पाय-१डी’ हे रडार मेगावॅटमध्ये मोजावी लागणारी शिखरशक्ती फेकते, तर लढाऊ विमानाच्या पंखावरचे नळकांडे त्याच्या तुलनेत फारच दुबळे असते. त्या नौकेला आंधळे करायचेच असते, तर ९०० मीटर ही सर्वांत वाईट जागा होती.

इलेक्ट्रॉनिक युद्धासाठीच बांधलेली विमाने कशी वागतात, ते पाहिले तरी हे पटते. अमेरिकी नौदलाचे ‘ग्राउलर’ विमान पोटाखाली आणि पंखांखाली जॅमिंगची मोठी नळकांडी घेऊन उडते. त्यांतल्या जुन्या ‘एएलक्यू-९९’ नळकांड्यांच्या तोंडाशी वाऱ्यावर फिरणारा छोटा पंखा दिसतो, तो वीज तयार करण्यासाठी, कारण विमानाची स्वतःची वीज या कामाला पुरत नाही. त्याच देशाचे ‘ईसी-१३०एच’ हे चार इंजिनांचे अवजड विमान तर शत्रूच्या माऱ्याबाहेर राहून त्याचे रेडिओ संपर्क बिघडवण्यासाठीच होते. लेबनॉनच्या बेका खोऱ्यात ९ जून १९८२ रोजी इस्रायलने सिरियाच्या बहुसंख्य क्षेपणास्त्र-तुकड्या उद्ध्वस्त केल्या, तेव्हाही चित्र असेच होते : लांबून जॅमिंग करणारी विमाने, आमिष म्हणून पाठवलेली मानवरहित विमाने, रडारच्या लहरींचा माग काढत जाणारी क्षेपणास्त्रे आणि या सगळ्यांवर वरून नजर ठेवून दिशा सांगणारी ‘ई-२सी हॉकआय’ ही पूर्वसूचना विमाने. कळ एकच दाबली आणि काम झाले, असे तिथेही नव्हते.

वादापुरते धरून चालू, की मुख्य रडार खरोखरच निकामी झाले. तरी त्या नौकेवर समुद्रपृष्ठ न्याहाळणारे रडार वेगळे आहे, क्षेपणास्त्रांना लक्ष्य उजळून दाखवणारी रडारे वेगळी आहेत, आणि ‘फॅलँक्स’ या जवळच्या बचावाच्या तोफेचे स्वतःचे रडार आणखी वेगळ्याच वारंवारितेवर चालते. ही सारी एकाच वेळी गप्प करायला एकट्या विमानाला किती शक्ती लागेल, याचा विचार कथाकाराने केलेला दिसत नाही. आणि ९०० मीटरवरचे विमान दिसायला रडार कशाला हवे? डेकवरच्या खलाशालाही ते दिसत होते.

‘मग पाडले का नाही?’ हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. उत्तर तंत्रात नाही, नियमांत आहे. युद्ध नव्हते, विमान निःशस्त्र दिसत होते, समुद्र आंतरराष्ट्रीय होता. अशा वेळी गोळी झाडणे म्हणजे रशियाशी लढाई ओढवून घेणे.

दुबळेपणा शोधायचाच असेल, तर तो वेगळ्या जागी सापडतो. पृथ्वीच्या गोलाईमुळे नौकेवर सुमारे १५ मीटर उंचीवर असलेल्या अँटेनाला १५० मीटर उंचीवरचे विमान साधारण ६५ किलोमीटरच्या आतच दिसू शकते, मग रडार कितीही शक्तिमान असो. तेच रडार ९,००० मीटर उंचीवर नेले, तर समुद्राचे क्षितिज जवळपास ३९० किलोमीटरवर जाते. हॉकआयसारखी पूर्वसूचना विमाने बांधली जातात ती याच कारणासाठी, आणि आपल्या नौदलाने कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर घेतली तीही याचसाठी. पण हॉकआयला विमानवाहू नौका लागते, आणि १९३६ च्या मॉन्त्रो करारामुळे काळ्या समुद्राबाहेरच्या देशांच्या विमानवाहू नौकांना तिथे प्रवेश नाही. त्या दिवशी डोनाल्ड कुकजवळ स्वतःची उंचावरची नजर नव्हती, ही खरी उणीव. ती भूगोलाची आणि कराराची होती आणि खिबिनी नसतानाही ती तशीच राहिली असती.

पळून जाण्याच्या गोष्टीत फारसा दम नाही. नौका १४ एप्रिलला रुमानियाच्या कॉन्स्टान्सा बंदरात गेली, तिथे त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष त्रायान बासेस्कू यांनी तिला भेट दिली, आणि त्यानंतरही ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत काळ्या समुद्रातच होती. त्याच मॉन्त्रो करारानुसार बाहेरच्या युद्धनौकेला तिथे २१ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, तेव्हा ती कधीतरी निघणारच होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस तीच नौका पुन्हा काळ्या समुद्रात आली. राहिले २७ राजीनामे. अमेरिकी नौदलातला सामान्य खलाशी ठरावीक वर्षांच्या करारावर असतो. बंदराला लागल्यावर कागद टेबलावर ठेवून घरी जाण्याची मुभा त्याला नसते, तसे केल्यास तो फरारी ठरतो.

या कथेसोबत हटकून येणारे छायाचित्र आणि चलचित्र, ज्यात सुखोई-२४ अगदी लाटांना चाटून नौकेच्या बाजूने जाते, तेही तपासायला हवे. नौका तीच, पण वर्ष २०१६ आणि समुद्र बाल्टिक. ११ आणि १२ एप्रिल २०१६ रोजी रशियन विमाने पुन्हा या नौकेजवळ आली, एक तर सुमारे ९ मीटरपर्यंत, आणि ते चित्रण अमेरिकी नौदलाने स्वतःच्या नौकेवरूनच करून जाहीर केले. वर्षभराने, एप्रिल २०१७ मध्ये, रशियाच्या सरकारी दूरचित्रवाणीने खिबिनीची जुनी कथा पुन्हा सांगितली, ब्रिटनच्या ‘द सन’ने ती उचलली आणि तिथून ती जगभर गेली. यंत्रे बंद पडल्याची ग्वाही म्हणून आज जे चित्रण फिरवले जाते, ते त्याच नौकेवरच्या चालू कॅमेऱ्यांनी टिपलेले आहे.