बाईचं रक्त "निसर्गतःच कमी" हे टी-टेस्ट ठरवत नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. नर्सिंगच्या पोरींच्या ग्रुपवर, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्य शिकणाऱ्यांच्या) एका ग्रुपवर, आणि आमच्या अमळनेरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर. त्यात थोडक्यात असं लिहिलंय: बायका आणि पुरुषांच्या तब्येतीची तुलना करायचीय ना, मग टी-टेस्ट लावा, म्हणजे दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करायचं गणित. त्यातून निघणारा आकडा, पी-व्हॅल्यू, ०.०५ च्या खाली आली की फरक ९५ टक्के खरा, वर राहिली की फरक नाहीच. दोन्ही गटांत माणसांची संख्या सारखीच पाहिजे. औषध कोणाला लागू पडतं हे बायकांची टेस्ट वेगळी आणि पुरुषांची वेगळी करून बघा. आणि हिमोग्लोबिनमधे तर फरक नेहमीच येतो, म्हणजे बाईचं रक्त निसर्गतःच कमी असतं, त्याचा बाऊ करू नका, लोहाच्या गोळ्या कशाला.

मी कॉलेजला स्टॅटिस्टिक्स शिकवते. पहिल्या चार गोष्टी चुकीच्या आहेत, पण त्या परीक्षेत मार्क घालवतील एवढंच. शेवटची मात्र घरात शिरते, कारण ती वाचून आमच्या एका मामीने गोळ्या बंद केल्या. म्हणून शेवटच्या गोष्टीपासूनच सुरू करते.

बाई आणि पुरुषाच्या हिमोग्लोबिनमधे थोडा फरक शरीरामुळे असतो हे खरंच आहे, पाळी असते, पुरुषांमधल्या टेस्टोस्टेरॉनमुळे रक्तपेशी जास्त बनतात, यात वादच नाही. पण हा फरक डॉक्टर लोकांनी आधीच धरलाय ना! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली अ‍ॅनिमिया (रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं) म्हणतात आणि पुरुषाला १३ च्या खाली. म्हणजे निसर्गाचा वाटा वजा करूनच मोजणी होते. आणि असं वजा केल्यावरसुद्धा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला, पुरुषांना २१.९ टक्के. देशात ५७ आणि २५. हा उरलेला एवढा मोठा फरक निसर्गाच्या नावावर कसा काय टाकता येईल? आपल्या खानदेशात कापूस वेचायला सकाळी सातला निघालेली बाई दुपारी काय खाते आणि रात्री सगळ्यांचं जेवण झाल्यावर तिच्या ताटात काय उरतं, लागोपाठ बाळंतपणं, पाळीत जास्त रक्त जाणं आणि ते कोणाला न सांगणं, हे सगळं त्या आकड्यात आहे. अहिराणीत बायका सहज म्हणतात, "आंगमा रगत कमी शे" (अंगात रक्त कमी आहे), जसं काही तो स्वभावच आहे, आणि असा मेसेज त्या समजुतीवर शिक्का मारतो.

टी-टेस्टला कारण कळत नाही. तिला दोन सरासऱ्या, त्यांच्यातला विखुरलेपणा आणि माणसांची संख्या एवढंच दिसतं. १९०८ मधे विल्यम गॉसेट नावाच्या माणसाने "स्टुडंट" या टोपणनावाने ती मांडली, तो डब्लिनला गिनीज कंपनीच्या बिअरच्या कारखान्यात होता आणि त्याला थोड्याशा नमुन्यांवरून माल कसा आहे ते ठरवायचं होतं. फरक निव्वळ योगायोगाचा वाटतो का, एवढंच ती सांगते. फरक पाळीमुळे आहे की जेवणामुळे की रक्त तपासणीच्या शिबिराला कोण आलं त्यामुळे, हे तिला विचारूच नका.

आणि शिबिराला कोण येतं हे तर आधी बघायला पाहिजे. आपल्याकडचं शिबिर म्हणजे आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी अकराला, शाळेच्या नाहीतर मंदिराच्या ओट्यावर. त्या वेळेला रावेर-यावलकडचा केळीचे घड वाहणारा धडधाकट गडी बागेत असतो, तर शिबिराला कोणते पुरुष येतात? म्हातारे, शुगरवाले, दम लागणारे. बायकांमधे आशाताईने घरोघर जाऊन आणलेल्या गरोदर आणि लेकुरवाळ्या. आता या दोन गटांची टी-टेस्ट लावली तर तुम्ही बाई आणि पुरुष यांची नाही, पंचविशीतल्या लेकुरवाळ्या आणि पासष्टीतले आजारी आजोबा यांची तुलना केली, आणि कागदावर वर लिहिलं "स्त्री विरुद्ध पुरुष". वय, गरोदरपण, आजार हे सोबत धरणारं रिग्रेशन नावाचं गणित त्यासाठीच असतं, तेही अपुरं पडेल कारण जो आलाच नाही त्याचं रक्त कोणत्याच गणितात येत नाही.

अजून एक, जे आपल्या भागाचंच आहे. धडगाव, अक्कलकुवा, चोपड्याच्या सातपुड्याच्या पट्ट्यात आदिवासी बांधवांमधे सिकलसेल आहे, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. त्याचा जीन ११ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो, बाई-पुरुष बघत नाही, दोघांनाही सारखाच होतो. तिथे सरासरी काढली की आजारी पोरगा आणि ठणठणीत पोरगा एकत्र कालवले जातात आणि सिकलसेलचं ७-८ हिमोग्लोबिन असलेला मुलगा त्या सरासरीत गायब होतो. त्याला नुसत्या लोहाच्या गोळीने बरं वाटणार नाही, त्याची आधी तपासणी पाहिजे. म्हणून मी पोरांना म्हणते, टेस्टच्या आधी सगळे आकडे एका कागदावर ठिपके मारून बघा.

आता मेसेजमधलं ते "फरक ९५ टक्के खरा". पी-व्हॅल्यू ०.०३ म्हणजे फरक खरा असण्याची शक्यता ९७ टक्के असं नाहीये. तिचा अर्थ असा की खरंच फरक नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता ३ टक्के होती. दोन वाक्यं सारखी वाटतात पण नाहीत. प्रोजेक्टमधे बीपी, शुगर, वजन, झोप, कंबरदुखी अशा २० गोष्टींवर बाई-पुरुष टेस्ट लावली, आणि समजा एकातही खरा फरक नाही आणि गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या नाहीत, तरी निदान एक तरी "सिग्निफिकंट" (पी ०.०५ च्या खाली) निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. आणि मग तेवढाच एक रिझल्ट पोस्टरवर जातो.

पी वर राहिली म्हणजे फरक नाही, हे तर त्याहून वाईट. समजा १२ बायका, १२ पुरुष, वरच्या बीपीत ६ चा फरक, आणि विखुरलेपणा (स्टँडर्ड डेव्हिएशन) १५. पी येते ०.३४ च्या आसपास. मेसेजच्या हिशोबाने फरक नाही, विषय संपला. पण तोच डेटा कॉन्फिडन्स इंटरव्हलने, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो त्या रेंजने बघा, फरक उणे ७ पासून अधिक १९ पर्यंत कुठेही असू शकतो, म्हणजे खरं तर आपल्याला काहीच कळलेलं नाही. उलटं बघा, दोन्हीकडे ५०-५० हजार माणसं घेतली की बीपीतला ०.३ चा फरकसुद्धा पी ०.००२ च्या खाली नेतो आणि ०.३ ने कोणाचं काय होणार आहे? म्हणून पी सोबत फरक किती आणि त्याची रेंज किती हे लिहिलंच पाहिजे, माझ्या वर्गात हे नसेल तर मी प्रोजेक्ट परत देते.

औषधाची गोष्ट जरा नीट वाचा, कारण इथे शिकलेले लोकही फसतात. समजा गोळ्यांनी बायकांचं हिमोग्लोबिन ०.८ ने वाढलं, पी ०.०२. पुरुषांचं ०.६ ने वाढलं, पी ०.१२, कारण पुरुष कमी होते. मेसेजवाला म्हणेल, गोळी बायकांना लागू पडते पुरुषांना नाही. पण ०.८ आणि ०.६ यांचीच एकमेकांशी तुलना करा ना भो, फरक ०.२ चा आहे आणि त्याची पी ०.७ च्या जवळ येते. बाई-पुरुष फरक आहे म्हणायचं असेल तर त्या फरकाचीच टेस्ट लागते, तिला इंटरॅक्शन म्हणतात. एक पी ०.०५ च्या रेषेच्या खाली आणि एक वर, एवढ्यावरून दोघांत फरक सिद्ध होत नाही.

दोन्ही गटांत सारखीच संख्या पाहिजे हे पटकन संपवते. नाही, गरज नाही. त्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ७ लाख २४ हजार ११५ बायका होत्या आणि पुरुष १ लाख १ हजार ८३९. संख्या आणि विखुरलेपणा दोन्ही वेगळे असतील तर वेल्चची टी-टेस्ट वापरा, १९४७ पासून आहे. हो, असं सर्वेक्षण गावागावाच्या गठ्ठ्यांनी होतं, एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, त्याचा हिशोब मात्र वेगळा लावावा लागतो. आणि अ‍ॅनिमिया आहे की नाही असा हो-नाहीचा डेटा असेल तर काय-स्क्वेअर किंवा लॉजिस्टिक रिग्रेशन घ्या.

ज्या पोरी यंदा प्रोजेक्टसाठी गावात जाणार आहेत त्यांना एवढंच सांगते, रजिस्टरमधे हिमोग्लोबिनच्या शेजारी वय, गरोदर आहे का, सिकलसेलची तपासणी झाली का, आणि शिबिराची वेळ हे चार कॉलम आखा, आणि पुरुष मोजायचे असतील तर परत एकदा संध्याकाळी सातनंतर जा, तेव्हा शेतातले घरी आलेले असतात. मामीला मी काल फोन केला होता. तिचं शेवटचं हिमोग्लोबिन ९.१ होतं, आणि सोमवारी ती उपकेंद्रात परत तपासायला जातेय.