आधी दोन चांगले स्पीकर, बाकीचे मागाहून

नमस्कार काका,

आचऱ्याहून एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. घरच्या थिएटरसाठी ५० हजारांत रिसीव्हर (स्पीकरना आवाज वाटून देणारा अँप्लिफायर) आणि पुढचे दोन चांगले स्पीकर घ्या, बाकीचे सवडीने जोडा, हा माझा सल्ला तुम्हाला पटला नाही. त्याहून कमी पैशात पाच स्पीकर आणि सबवूफरचा (खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा) अख्खा संच मिळतो, मी लोकांना थिएटरपासून लांब ठेवतो आणि खाऱ्या हवेचा बाऊ करतो, असं तुमचं म्हणणं. मी मात्र माझ्या सल्ल्यावर ठाम आहे.

तुमच्याकडे सिनेमाइतकीच डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची भजनंही लागतात, हे तुम्हीच लिहिलंय. मग पखवाजच घेऊ. संचातल्या त्या मुठीएवढ्या स्पीकरना खर्जाचा आवाज झेपत नाही. बऱ्यापैकी मोठा स्पीकर असेल तर सबवूफरकडे ८० हर्ट्झच्या (हर्ट्झ जितके कमी, तितका खर्जाचा सूर) खालचंच काम जातं. हे छोटे १५०-२०० हर्ट्झपासूनच हात टेकतात. ८० च्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही, १५०-२०० चा कळतो. मग पखवाजाची शाईची बाजू टीव्हीजवळ वाजते आणि कणीक लावलेली बाजू कोपऱ्यातल्या सबवूफरच्या खोक्यात घुमते. एकाच माणसाच्या पुढ्यातलं वाद्य असं खोलीभर विखुरलेलं मला ऐकवत नाही. बुवांच्या आवाजाचंही तेच, वरचा सूर पोचतो आणि छातीतला भरदारपणा जातो.

खोक्यावरच्या १००० वॅटवर जाऊ नका. १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल, ते विचारा. ९० डेसिबलचा स्पीकर जेवढा वाजतो तेवढं वाजायला ८७ वाल्याला दुप्पट वॅट लागतात.

सिनेमात मागून येणारा आवाज दोन स्पीकर देणार नाहीत, हे तुमचं अगदी बरोबर. म्हणूनच ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, चालवणारा रिसीव्हर पहिल्यापासून घ्या म्हणतो. त्यानंतरची खरेदी मधल्या स्पीकरची. बरोब्बर मध्ये बसलेल्याला दोन स्पीकरमधूनही संवाद पडद्यातून आल्यासारखे वाटतात, पण कडेला बसलेल्याला ते जवळच्या स्पीकरमधून येतात. तुमच्याकडे तर सगळं घर एकत्र बसतं. त्यात आषाढात पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की आधी संवादच बुडतात. मागच्या जोडीची जागा समोरून मोजून १०० ते १२० अंशांवर. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर ती बाजूच्या भिंतींवर, कानापेक्षा जरा वर लावा.

खाऱ्या हवेचं मी मुद्दाम लिहितो. स्पीकरच्या पडद्याची कडा फोमची असेल तर दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते, रबराची टिकते. लाकूडचुऱ्याच्या खोक्याला मागून लॅमिनेट नसेल तर ते पावसाळ्यात फुगतं. तांब्याच्या उघड्या तारांची टोकं हिरवी पडतात, त्यांना सोन्याचा मुलामा दिलेले बनाना प्लग लावा. आणि चिऱ्याची भिंत ओल धरत असेल तर स्पीकर तिच्यापासून हातभर पुढे असू द्या.

कुडाळला किंवा कोल्हापूरला दुकानात जाल तेव्हा तुमच्या कानात बसलेल्या एखाद्या बारीचं स्वच्छ रेकॉर्डिंग बरोबर न्या. संच आणि जोडी, दोन्ही सारख्याच आवाजात लावायला सांगा, कारण जरा मोठ्याने वाजणारं नेहमीच सरस वाटतं. खोलीची लांबी-रुंदी आणि वर कौलं आहेत की स्लॅब, एवढं कळवलंत तर जोडी केवढी घ्यावी ते सांगतो.